महिनाभराच्या भाकरी

जिंतूरहून एसटीनं पाऊण तास आत गेलं की जे गाव लागतं, तिथं महालिंगअप्पांचं घर कुणालाही विचारा, हाताला धरून दारात नेऊन सोडतील. बिनदुकानाचं घर म्हणून त्याची ख्याती आहे. पाच वर्षं झाली म्हणे, त्या घरात दुकानातली वस्तू आलेली नाही. चहापत्ती नाही, साबण नाही, काडीपेटी नाही, तेलाची पिशवी नाही. विजेचं मीटरसुद्धा अप्पांनी स्वतः अर्ज देऊन काढायला लावलं. मीठ तेवढं माफ आहे, कारण ते काळ्या रानात उगवत नाही. अप्पांचा मोबाईलही माफ आहे. तो का माफ, हे विचारायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. घर बघायला येणारे लोक आधी फोन करून येतात, म्हणून तो लागतो, असं अप्पांचं म्हणणं. चार्जिंगला तो रोज मठात जातो.

लोक त्याला अप्पांचं घर म्हणतात, अप्पांचा नेम म्हणतात. ही हकिकत मात्र अप्पांची नव्हे, त्यांच्या बायकोची आहे. तिचं नाव त्रिवेणी. घरात दुकानातलं काही येत नसेल, तर लागेल ते सगळं कुणाच्या तरी हातून निघत असणार, हा साधा हिशेब बघायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या डोक्यात येतो.

त्रिवेणी मूळची सेलूची. वडील कापसाच्या अडतीवर मुनीम होते. घरी नळ, गॅस, चार घरं सोडून पिठाची गिरणी. लग्न होऊन या गावात आली तेव्हा जातं तिनं फक्त हळदीच्या दिवशी सुपारी बांधलेलं पाहिलं होतं. सासू बसम्मा मोठी खमकी बाई. तिनं सुनेला पहिल्याच आठवड्यात जात्यापुढं बसवलं आणि तळहाताला फोड आले तेव्हा वर तूप लावून परत बसवलं. राखेत विस्तव कसा झाकून ठेवायचा, कडुलिंबाचा पाला घालून धान्याची कणगी कशी लिंपायची, रिठ्यानं लुगडं कसं धुवायचं, जवस कुटून तेलाशिवाय कालवण कसं चवीला आणायचं, हे सगळं त्रिवेणी रडत रडत शिकली. पुढं गावात गिरणी आली, गॅस आला, बसम्मा गेली, आणि जातं गोठ्यात वैरणीखाली जाऊन पडलं. त्रिवेणीनं त्याच्याकडं वळूनही पाहिलं नाही. सुटले बाई एकदाची, असं तिला मनापासून वाटलं होतं.

मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं. आठवडी बाजार बंद, एसटी बंद, सिलेंडरची गाडी येईना. त्यातच गिरणीचा पट्टा तुटला आणि नवा मिळेना. गल्लीतल्या बायका ज्वारीच्या डब्याकडं बघत बसल्या. त्रिवेणीनं वैरण उपसून जातं बाहेर काढलं. त्याच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायला पाथरवट कुठून आणायचा, म्हणून तिनंच छिन्नी घेतली आणि दोन दुपारी ठोकत बसली. तिसऱ्या दिवशी त्यातून पीठ पडायला लागलं. मग काय, सगळी गल्ली तिच्या दारात. कुणाला विस्तव पाहिजे, कुणाला विरजण, कुणाला नुसतं विचारायचंय की साबण संपलाय तर लेकराची लंगोटी धुवायची कशी.

अप्पांनी उभ्या जन्मात बायकोच्या कामाला कधी चांगलं म्हटलेलं नव्हतं. ते त्या दिवसांत दारासमोरच्या पारावर बसून चारचौघांत म्हणाले, "समद्यांचं अडायलंय. आमच्या घरात काहीच अडत न्हाई."

दाराआड उभ्या त्रिवेणीनं ते ऐकलं आणि तिचा ऊर भरून आला. खोटं कशाला सांगायचं, ते दिवस तिला आवडले होते. आपल्यावाचून गल्ली अडते, नवरा आपल्या जिवावर मान वर करून बोलतो, हे सुख तिनं आधी कधी चाखलं नव्हतं. पाय अडकला तो तिथं.

पुढच्या महाशिवरात्रीला मठात सगळे जमले असताना अप्पा उठून उभे राहिले. "ह्या खेपंला थोडक्यात निभावलं. उद्या समदं कायमचं बंद पडलं तर काय करताल? दुकानं न्हाईत, लाईट न्हाई, डिझेल न्हाई. मग?" अप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि स्वामींच्या समोर नेम घेतला, की आजपासून मीठ सोडून दुकानातलं काही माझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वामींनी शाल घातली.

बायकांच्या बाजूला त्रिवेणीच्या शेजारी कुसुमबाई बसली होती. शेजारीण, आणि तोंडाची फटकळ. ती हळूच म्हणाली, "माय, ह्येनी नेम घेतला खरा, पर तुज्या हातावर घेतला की गं."

त्रिवेणी तेव्हा हसली होती.

त्यानंतर तिचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं आहे आणि नाहीही, कारण एका दिवसात दुसऱ्या दिवसाहून वेगळं काही नसायचं. तांबडं फुटायच्या आत दळण. ज्वारीच्या पिठाचं असं असतं की ते ताजंच लागतं. जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापता थापता हातात तुटते. म्हणून दळण चुकवता येत नाही. मग विस्तव उकरून चूल, मग गाय. ती चंद्री गाय त्रिवेणीच्याच हाताला लागलेली. दुसरं कुणी कासेला बसलं की लाथ झाडते आणि दूध चोरून ठेवते. मग झाडलोट, रानातली भाजी, करडईची निवडणी, राखेनं घासलेली भांडी, आणि सांजेला पुन्हा चूल. विस्तव विझला तर काडीपेटी नाही, म्हणून घरातून फार वेळ बाहेर जायची सोय नाही. कुणी तिला कोंडलं नव्हतं. दाराला कडीसुद्धा नसायची. पण पाच वर्षांत ती एक रात्र दुसऱ्याच्या छपराखाली झोपलेली नव्हती. सेलूला भाच्याचं लग्न झालं, तर अक्षता टाकून, पंगतीला न बसता, मिळेल त्या गाडीनं परत आली.

गुडघे बोलायला लागले होते. तेही तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून दळण कोण करणार होतं?

बघायला येणाऱ्या लोकांपुढं अप्पा जातं दाखवत, कणगी दाखवत, रिठ्याचं झाड दाखवत आणि शेवटी त्रिवेणीला हाक मारत. ती पदर सावरून दोन फेरे दळून दाखवी. लोक फोटो काढत. "आदर्श जीवन," कुणी तरी म्हणायचंच.

त्यांची एकुलती एक लेक भक्ती पूर्ण्याला दिली होती. जावई राजशेखर रेल्वेत नोकरीला, मनानं बरा माणूस. श्रावणाच्या तोंडावर भक्तीला आठवा संपत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण राजशेखरनं अप्पांच्या फोनवर अगदी अदबीनं सांगितलं, "मामा, राग मानू नका. तुमच्याकडं लाईट न्हाई, पंखा न्हाई, रातच्याला कळा आल्या तर दवाखाना लांब. इथंच करू. मामींनी इकडं यावं."

अप्पांना ते लागलं. फोन त्रिवेणीच्या हातात आला तेव्हा पलीकडून भक्ती बोलत होती.

"आई, मला माहेर नको, लुगडं नको, काही नको. मला लय भ्याव वाटायलंय. कळा येतील तवा तुझा हात पाहिजे. बाकी कुणी आलं न्हाई तरी चालंल."

"येते की माय. नववा लागला की मी तिथंच."

"लेकराची शपथ?"

"तुझी शपथ," त्रिवेणी म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिला इतका आनंद झाला की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी तिकडं लक्ष नव्हतं. तिला स्वतःला भक्तीच्या वेळी आई नव्हती. बसम्मा होती, पण बसम्मा हात देणारी बाई नव्हती. कण्हू नको म्हणून दटावणारी होती. आपल्या लेकीला तसं एकटं पडू द्यायचं नाही, हे त्रिवेणीनं भक्तीच्या जन्माच्या दिवशीच ठरवलेलं होतं. आयुष्यात तिनं स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही एकच गोष्ट.

तिनं अप्पांना सांगितलं. अप्पा म्हणाले, "जा की. मी कवा न्हाई म्हनलो?" आणि पागोटं डोक्यावर ठेवता ठेवता पुढं म्हणाले, "माझ्या खायाचं तेवढं बघून ठेव."

एवढंच. ना आवाज चढवला, ना अडवलं. पण त्या एका वाक्यानं त्रिवेणीच्या दारात जणू गाडा आडवा लावला. महिनाभर या माणसानं खायचं काय? दळता येत नाही, थापता येत नाही. पीठ करून ठेवावं तर विरी जाणार. गिरणीचं पीठ आणलं तर नेम मोडला, आणि तो मोडला तो बायको लेकीच्या बाळंतपणाला निघाली म्हणून मोडला, असं सगळं गाव म्हणणार. शेवटी तिला बसम्माच्या कडक भाकरी आठवल्या. कागदासारख्या पातळ थापायच्या, तव्यावरून उतरवून निखाऱ्यापाशी उभ्या करून अगदी कडकडीत होईस्तोवर वाळवायच्या. कोरड्या राहिल्या तर महिना महिना टिकतात. जवसाच्या चटणीबरोबर चुरून खायच्या. तेच करायचं तिनं ठरवलं. महिनाभराच्या भाकरी करायच्या, आणि निघायचं.

ती रोजच्या दुप्पट दळायला लागली. पण श्रावण तो श्रावण. आभाळ उघडेना, हवा ओली. आज वाळवलेल्या भाकरी उद्या सादळून चामड्यासारख्या व्हायच्या. पुन्हा निखाऱ्यापाशी लावायच्या. काहींना तर बुरशीच आली. टोपली भरत आली असं वाटेपर्यंत निम्मी टोपली गाईपुढं जायची आणि त्रिवेणी पुन्हा जात्यापुढं बसायची.

कुसुमबाई कुंपणावरून बघत होती. एक दिवस ती सरळ आत आली. "तू का येडी हायस का? लेकीला नववा लागला. जा तू. अप्पाला दोन टायमाला दोन भाकरी मी घालते. माझं काय सरायलंय?"

"तुज्याकडचं पीठ गिरणीचं हाय, कुसुमबाई."

"मग?"

"मग नेम मोडतो."

"मोडू दे. तुजा हाय का त्यो?"

त्रिवेणीनं भाकरी उलटली. कुसुमबाईला वाटलं हिला नवऱ्याचं भय आहे. ते खरं नव्हतं. पाच वर्षं ज्यासाठी हाडं झिजवली ते आपल्या एका जाण्यानं मातीत जाऊ नये, हा तिचा स्वतःचाच हट्ट होता. घर तिनं चालवलं होतं. ते तिच्यामागं पडलं, असं कुणी म्हणू नये. माणूस दुसऱ्याच्या ओझ्याखाली राहून राहून ते आपलंच समजायला लागतो, त्यातली गत झाली होती.

भक्तीचा फोन यायचा. "कधी येतीस आई?" त्रिवेणी म्हणायची, "आभाळ जरा उघडलं की निघतेच." एकदा म्हणाली, "उद्या." मग पुन्हा, "परवाला नक्की." भक्ती शेवटी शेवटी विचारेनाशी झाली, नुसतं "हाव" म्हणायची.

एका सकाळी ऊन पडलं. चांगलं स्वच्छ. त्रिवेणीचा जीव हरखला. आज शेवटचा घाणा वाळला की उद्याची पहिली गाडी. पिशवीत बाळंतविडा भरून ठेवलेला होताच. ती अंगणात फडक्यावर भाकरी मांडत असताना अप्पा मठातून फोन घेऊन लगबगीनं आले. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"नात झाली," ते म्हणाले. "रातीच कळा सुरू झाल्या म्हनं. धा-बारा दिस आधी. मोबाईल मठात होता, तवर राजशेखरनं कितींदा लावला."

"आन भक्ती?"

"बरी हाय. लय आरडली म्हनं तुज्या नावानं."

त्रिवेणी खाली बसली. हातात एक भाकरी होती, ती तिनं फडक्यावर नीट ठेवली. मग उठली, हात न धुता पिशवी उचलली आणि एसटीच्या थांब्याकडं चालायला लागली. चंद्रीचं वासरू तिनं कुसुमबाईला ओरडून सोडायला सांगितलं. चुलीतल्या विस्तवाचं काय, हे तिनं वळूनही विचारलं नाही.

पूर्ण्याला दवाखान्यात भक्ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. आई आल्याचं कळल्यावर तिनं मान वळवली, म्हणाली, "आलीस? बस." रागावली नाही, रडली नाही. पाहुण्या बाईला बस म्हणावं तसं म्हणाली. जवळच्या नर्सबाईकडं बोट करून तिनं सांगितलं, "ह्या ताईंनी हात धरला होता रातभर." त्रिवेणीनं त्या नर्सबाईला वाकून नमस्कार केला. तिला त्या बाईचा मत्सर वाटला, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

ती सव्वा महिना तिथं राहिली. बाळंतिणीचं सगळं हौसेनं केलं, नातीला न्हाऊ घातलं, तिच्या गळ्यात लिंग बांधायच्या दिवशी पुरण केलं. कळ दाबली की गॅस पेटायचा, डाळ मिक्सरात दोन मिनिटांत वाटून व्हायची. भक्ती हळूहळू बोलायलाही लागली. पण त्या रात्रीबद्दल मायलेकींत एक अक्षर निघालं नाही. त्रिवेणीला एकदा वाटलं, पाया पडून सांगावं. पण काय सांगायचं? भाकरी वाळत नव्हत्या म्हणून?

घरी परतली तेव्हा दुपार होती. अप्पा दारात बसून चहा पीत होते. खराखुरा, पत्तीचा. स्वयंपाकघरात तेलाची पिशवी, साबणाची वडी, गिरणीच्या पिठाचा डबा. गोठ्यात गेली तर गव्हाणीत तिच्या कडक भाकऱ्यांचा चुरा. तिच्याशिवाय कुणाला कासेला हात न लावू देणारी चंद्री तो आनंदानं खात होती.

"भाकरी खाल्ल्या न्हाईत?"

"कशा खाव्या? दात लागत न्हाईत त्येला," अप्पा म्हणाले. "तू बी लय कडक केल्या."

"मग हे समदं कवापास्नं?"

"तू गेलीस त्याच सांजेपास्नं. माणूस उपाशी ऱ्हातो का?" ते अगदी सहज बोलत होते. "तू जायचं काढलंस तवाच स्वामींना इचारलं मी. ते म्हनले, बायको घरी नसली की सूट अस्ती. आता आलीस. उद्यापास्नं पुन्हा सुरू."

"हे मला आधी का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलंस का?"

आणि ते खरं होतं. तिनं विचारलं नव्हतं. त्यांनी अडवलं नव्हतं, तिनं विचारलं नव्हतं, आणि एकदा बोलणं झालं असतं तर महिनाभराच्या भाकरी करायच्याच नव्हत्या. भांडावं तर कुणाशी? ती गोठ्यात चंद्रीच्या पाठीवर हात टाकून धार काढायची वेळ होईतो उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तेलाची पिशवी कुसुमबाईकडं गेली आणि तांबडं फुटायच्या आत जातं सुरू झालं.

आठवडाभरानं परभणीहून एका कॉलेजच्या मुली आणि त्यांच्या मॅडम गाडी करून आल्या. अप्पांनी सगळं दाखवलं. पाच वर्षांत दुकानाची पायरी चढलो नाही, हेही सांगितलं. सूट सोडून, हे सांगायचं राहून गेलं. मग मुली जेवायला बसल्या. त्रिवेणी गरम भाकरी वाढत होती. एक चष्मेवाली मुलगी तिच्याकडं बघून म्हणाली, "काकू, इतक्या वर्षांत कशावाचून अडलं का हो तुमचं?"

"काहीच अडलं न्हाई," अप्पा म्हणाले.

"काकूंना विचारलं मी," मुलगी हसून म्हणाली.

त्रिवेणी भाकरी घेऊन वाकली होती, तशीच थांबली.

"माझं न्हाई अडलं बाई," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं अडलं. तिला कळा आल्या तवा तिला माझा हात पाहिजे होता. मी हितं ह्येंच्यासाठी भाकरी वाळवायले होते. ह्येंनी त्या गाईला घातल्या."

अप्पा मॅडमकडं बघून हसायला गेले, ते जमलं नाही. त्या मुलीनं घास परत ताटात ठेवला.

"खा, माय," त्रिवेणी तिला म्हणाली. "तुझा काय दोष? भाकरी ऊन हाय तवर खा."

आणि ती पुढच्या मुलीला वाढायला सरकली.